मऊ गादीचा भरवसा

"दोन टन लोखंड आहे, याला काय होणार?" डेट्रॉइटला आल्यापासून हे वाक्य मी कितीजणांना ऐकवलं असेल! माझी गाडी 1962 सालची अमेरिकन कन्व्हर्टिबल. छत मागे दुमडलं की वूडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ती होडीसारखी तरंगत जाते. स्प्रिंगा इतक्या मऊ, की खड्डा कळत नाही. पुढची सीट सोफ्यासारखी सलग. लहानपणी एसटीच्या मागच्या बाकावर हाडं खिळखिळी करून घेतलेल्या मला ते केवढं सुख वाटायचं. त्या सुखालाच मी सुरक्षितता समजत होतो.

बायको दोनदा म्हणाली, "अहो, पट्टे तरी बसवून घ्या." मी म्हणालो, "मूळ गाडीत नव्हते, उगाच भोकं कशाला पाडायची?" गाडीचं मूळपण मी मुलीपेक्षा जास्त जपत होतो. हे लिहिताना लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला. मीही दाबला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडीने नाक खाली घातलं, पण थांबायला वेळ घेतला, आणि शेजारी बसलेली माझी आठ वर्षांची मुलगी त्या गुळगुळीत सीटवरून सरळ पुढे घसरली. मी उजवा हात आडवा घातला. तिचं कपाळ पत्र्याच्या डॅशबोर्डपासून वीतभर अलीकडे थांबलं. टक्कर झाली नाही. वेग जेमतेम पंचवीस मैल होता. त्याहून जास्त असता तर माझ्या हाताने काय अडवलं असतं?

त्या रात्री झोप येईना. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने 2009 मध्ये केलेल्या चाचणीची फिल्म पाहिली. 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची मालिबू, दोन्ही ताशी 40 मैलांनी, चालकाच्या बाजूने समोरासमोर. बेल एअरचा पुढचा भाग थेट चालकाच्या जागेत घुसला, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आदळलं. मालिबूचं नाक चुरगळलं, पण चालकाची जागा शाबूत. मी ती फिल्म चारदा लावली. माझ्या लाडक्या लोखंडात कुठे मोडायचं आणि कुठे तग धरायचा, याचा विचारच कुणी केलेला नव्हता. अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला 1966 साली, गाडीत पट्टे सक्तीचे झाले 1968 पासून. माझी गाडी त्याआधीची. हे मला माहीत होतं. तरी मी मुलीला पुढे बसवत होतो.

पुढे कमरेचे पट्टे बसवले, भोकं पाडून. तरी ते लहान मुलासाठी पुरेसे नाहीत, आणि डोक्यावर भक्कम छतही नाही. रविवारी मी गाडी बाहेर काढतो, तेव्हा मुलगी पायरीवर बसून बघत असते. मी तिला "चल" म्हणत नाही.