अल्कोचा गळा

१९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा सगळा मार्ग खुला झाला, तेव्हा आमच्या घरात गाडीपेक्षा इंजिनाचीच चर्चा जास्त रंगायची. मामा डिझेल शेडमध्ये फिटर होता. मुंबईत डोक्यावर विजेच्या तारा असूनही कोकणची गाडी डिझेलवर निघायची, कारण पुढे कोकणात तारा नव्हत्याच. गावाची ओढ माझ्या मनात डिझेलच्या वासाशी जोडली गेली ती तेव्हापासून.

ही इंजिनं मूळची अमेरिकेतल्या अल्को कंपनीची. पहिली १९६२ साली आपल्याकडे आली आणि १९६४पासून वाराणसीत त्यांची जुळणी सुरू झाली. पुढे १९६९ला अल्को बंद पडली. आपल्या माणसांनी मात्र तिचं सोळा सिलिंडरचं इंजिन सुधारत नेलं, २६०० अश्वशक्तीवरून ३१००वर आणलं. मायदेशातली कंपनी बुडाल्यावर एखादं यंत्र परमुलखात इतकी वर्षं राबतं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

एकेरी मार्ग, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी तासन्‌तास थांबायची. इंजिन मात्र बंद होत नसे. पायाखालचा फलाटसुद्धा थरथरायचा. सिग्नल पडला की ड्रायव्हर नॉच वाढवायचा आणि काळ्या धुराचा लोट उसळायचा. मी नाकाला रुमाल लावला की मामा हसून म्हणायचा, "तेल जास्ती, वारो कमी. थांब गो, आता गळो मोकळो होतलो." डिझेल लगेच वाढतं, पण हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो, हे त्याच्या बोलण्यातलं शास्त्र. खरंच, जराशाने धूर विरळ व्हायचा आणि आवाज भरदार.

एकदा शेडमध्ये त्याने इंजिनातल्या वंगणाचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकून दाखवला. थेंब तडतडला. तेलात पाणी उतरलं होतं. कुठून उतरलं ते सापडेपर्यंत इंजिन बाहेर पडणार नव्हतं, मग वरून कितीही फोन येवोत.

२०१५मध्ये विद्युतीकरणाच्या कामाची पायाभरणी झाली. मार्च २०२२पर्यंत रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरवर तारा पोचल्या, आणि डिझेल इंजिनं एकेक करून मागे हटली. निर्णय योग्यच होता. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात डिझेलच्या धुरातून गेलेल्या कुणालाही हे पटवावं लागणार नाही. शिवाय तेलाचा खर्च वाचतो, तो वेगळाच.

म्हणून माझं मागणं लहान आहे. एक अल्को कोकणात ठेवा, रत्नागिरीला किंवा मडगावला. रंग देऊन चौथऱ्यावर बसवलेलं नको, चालतं हवं. पावसाळा सोडून महिन्यातून एकदा चार डबे ओढणारं. सुटे भाग अजून मिळतील, भंगारात निघालेल्या इंजिनांतूनच मिळतील. आवाजावरून कुठला सिलिंडर आजारी आहे ते ओळखणारी माणसं निवृत्त झाली असली, तरी हयात आहेत. मामाचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण कान शाबूत आहेत. नव्या पोरांना शिकवायला बोलावलं, तर तो उद्या सकाळच्या गाडीने निघेल.