बाबांच्या बंदुकीचं काय करायचं?

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विषय निघाला, घरात कुणाकडे काय काय जुनं आहे याचा. कुणाकडे आजीचा तांब्याचा बंब, कुणाकडे आजोबांचं चावीचं घड्याळ. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बंदूक."

टेबलावर एकदम शांतता! आणि मग प्रश्नांचा भडिमार. खरी? चालते? तू चालवलीयेस? आमच्या टीमलीडने खुर्ची दोन इंच मागे सरकवली आणि म्हणाला, "म्हणजे यंदा अप्रेझलला तुझ्याशी जपून बोलायला हवं."

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगू? त्या आठवड्यात त्याच बंदुकीपायी माझी झोप उडाली होती.

आमचं घर सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत. थोडे काजू, थोडे आंबे आणि खाली भातशेती. आजोबांनी ही बारा बोअरची एकनळी घेतली, तेव्हा शिकारीचे परवाने मिळायचे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. बंदूक मात्र राहिली, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. कोकणात अशी घरं बरीच आहेत. बाबांनी तिने जन्मात एक ससाही मारला नाही. भात पोटरीला आलं की रात्री मांगरात झोपायला जायचे आणि डुकरांची चाहूल लागली की हवेत एक बार काढायचे. बस्स! माझ्या लहानपणी सप्टेंबर महिना म्हणजे तो आवाज.

'बारा बोअर' म्हणजे काय, हेही बाबांनीच शिकवलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी जिच्या नळीत बरोब्बर बसेल, ती बारा बोअर. म्हणजे नळीचं तोंड साधारण साडेअठरा मिलिमीटर. आणि एक नियम होता, आमच्या घरात पर्वचेसारखा पाठ असलेला. बंदूक रिकामी आहे असं कुणीही सांगू दे, हातात घेतली की आधी उघडून बघायची. प्रत्यक्ष बाबांनी सांगितलं तरी उघडून बघायची.

फेब्रुवारीत बाबा गेले.

दिवसकार्य आटोपलं आणि आईने पहिली गोष्ट काय सांगितली असेल? "ती अवदसा आधी घरातून ने बाई." मला वाटलं, राहू दे की, काय घाई आहे? पण घाई होती. बंदुकीचा परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. माणूस गेला की परवानाही गेला आणि मग कपाटातली बंदूक ही आठवण वगैरे राहत नाही, विनापरवाना शस्त्र होतं. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. काडतुसांसकट. आम्ही तेच केलं. बाबांचीच फाइल कामाला आली. दर निवडणुकीच्या आधी बंदूक जमा केल्याची आणि नंतर परत आणल्याची एकूणएक पावती त्यात ओळीने लावलेली! २०२४ च्या तर दोन जोड्या, एक लोकसभेची आणि एक विधानसभेची. शेवटची पावती मी लावली. तिच्याखाली परत आणल्याची पावती लागणार नव्हती.

ठाण्यातले हवालदार बाबांना ओळखत होते. मायेने म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुण्याला. कशाला चकरा मारताय? सरकारजमा करा म्हणून अर्ज द्या आणि मोकळ्या व्हा."

मोकळ्या व्हा! काय सुंदर शब्द आहे ना? कुठल्याशा नकोशा मेलमधून 'अनसबस्क्राइब' व्हावं, तसं. एक अर्ज, एक सही. मी जवळजवळ केलीच होती. पण सवयीने आधी माहिती काढली आणि कळलं, की आपल्याला वाटतं तसा हा एकच रस्ता नसतो. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या गावच्या घरात अशी एखादी बंदूक असेल, तर हे वाचून ठेवा.

जमा केली म्हणजे लगेच सरकारची झाली, असं नाही. ठरावीक मुदतीत वारस स्वतः परवाना काढून ती परत घेऊ शकतो, किंवा ज्याला ती बाळगण्याचा अधिकार आहे अशा कुणाला विकून पैसे घेऊ शकतो. मुदत निघून गेली आणि आपण काहीच केलं नाही, तरच ती जप्त होऊ शकते. वारसाच्या परवान्यासाठी मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना-हरकत, पोलीस पडताळणी, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला लागतो. शिवाय परवानाधारक हयात असतानाही सोय आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक २५ वर्षं जवळ असली, की तो ती आपल्या वारसाकडे सोपवण्यासाठी अर्ज करू शकतो. बाबा दोन्हींत बसत होते. आम्ही कधी विषयच काढला नाही.

विकायची असेल तर शस्त्रविक्रेता घेतो. मात्र सोन्याचा भाव डोक्यात ठेवू नका. ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात जवळपास थांबली, त्यामुळे चांगल्या जुन्या विलायती बंदुकांना अजून किंमत येते. आमची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीत बरा मोबाइलसुद्धा आला नसता. आणि जी अगदीच पुराणी आहे, मोडकी आहे, दुरुस्त करूनही कधीच चालणार नाही, तिला शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे. ती शोभेची म्हणून राहू शकते. पण ते आपलं आपण ठरवायचं नाही, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यायचं. आमची बाबांनी तेलपाणी करून इतकी लख्ख ठेवलेली, की तो प्रश्नच नव्हता.

तर एवढे रस्ते होते. मग झोप का उडाली होती? दादामुळे.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. शेजारच्याच घरात राहतो. आमची आणि त्याची, दोन्ही शेतं तोच कसतो. बाराव्याच्या दिवशीच त्याने विषय काढला होता. "तुका पुण्यात कित्याक व्हयी गो बंदूक? माझ्या नावार करूक बघ. डुकरां भाताची वाट लावतत." चूक काय होतं त्यात? काहीच नाही. मी रात्री अकराला लॅपटॉप मिटणारी मुलगी. बंदुकीचं काम होतं ते त्याच्याकडे. दुकानदार म्हणालाही, की त्याचा वेगळा परवाना झाला तर त्याला रीतसर देता येईल.

पण एक गोष्ट फक्त वहिनी आणि मला माहीत होती. आदल्या पावसाळ्यापासून दादा झोपत नव्हता. काजूचं नुकसान, सोसायटीचं कर्ज, वर रोजची दारू. एका रात्री तो वहिनीला असं काही बोलला होता, की तिने मला फोन केला आणि नुसती रडत राहिली.

आता कळलं ना, 'सरकारजमा' हा शब्द मला इतका गोड का वाटला? सही केली असती, की दादाला सांगता आलं असतं, "सरकारने घेतली रे, माझ्या हातात काही नव्हतं." कुणाला नाही म्हणायला नको, काही विचारायला नको. खरं सांगते, हे वाक्य मी एसटीत बसून पाठसुद्धा केलं होतं.

एप्रिलमध्ये गावी गेले. संध्याकाळी दादा खळ्यात बसला होता. मी शेजारी बसले. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं आणि बाबांचा नियम आठवला. रिकामी आहे असं कुणी सांगितलं म्हणून सोडून द्यायचं नाही. उघडून बघायचं.

म्हटलं, "दादा, बंदूक तुला द्यायला मला भीती वाटते."

तो काहीच बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुझ्या वयनीन सांगल्यान मा?"

"हो. आणि मला तिचा नाही, तुझाच राग आला. मला का नाही सांगितलंस?"

पुन्हा शांतता. मग अगदी हळू म्हणाला, "रात्री झोप येत नाय गो." आणि उठून आत गेला.

पुढचे दोन महिने दादा माझ्याशी बोलला नाही. आईच्या फोनवर मी आहे कळलं, की बाहेर निघून जायचा. एवढं साधं काम, एक अर्ज, आणि मी एक भाऊ घालवून बसले, असंच वाटायचं. पण वहिनीने सांगितलं, की तो तिच्याबरोबर कुडाळला डॉक्टरकडे गेला होता. गोळ्या घेतो. दारू सुटली नाहीये, पण कमी आहे.

जुलैत कागद पूर्ण झाले आणि दुकानदाराने बंदूक ठाण्यातून परस्पर ताब्यात घेतली. आई आणि मी सह्या केल्या. काडतुसांचा रिकामा चामडी पट्टा तेवढा आईने मागून घेतला. 'अवदसा' म्हणणारी आई! तो आता बाबांच्या टोपीशेजारी खुंटीला आहे.

आलेल्या पैशांत मी माझे काही घातले आणि भातशेतीला सौरकुंपण करून घेतलं. दादाला विचारलं नाही, नुसतं कळवलं. उत्तर आलं नाही. कामावर देखरेख मात्र त्यानेच केली.

सप्टेंबरमध्ये एका रात्री साडेदहाला फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'. काळजात धस्स झालं. उचलला.

"गो, कुंपणाचो पयलो झटको माकाच बसलो!"

आम्ही दोघंही किती हसलो, विचारू नका. मग मी विचारलं, "झोपतोस ना रे?"

"आता निजतंय," म्हणाला. "तू पण तो लॅपटॉप बंद कर."