संशय सगळ्यांच्या मनात, बळी मात्र भटक्यांचा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दरवर्षी हजारो अनोळखी माणसं येतात. आम्ही त्यांना पाहुणे मानतो. मग १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ‘मुलं पळवणारे’ कसे ठरले? जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं.

मारणारे वेडे नव्हते. थोडाफार संशय प्रत्येकाच्या मनात असतो. समोरच्याचा हेतू आपण अंदाजानेच ओळखतो. पण तो अंदाज जात शिकवते. भटक्यांना चोर समजणारी नजर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्की केली. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर राहिली.

मित्रांनो, मोबाईलवरची अफवा पुढे पाठवण्याआधी विचारा: हाच माणूस घोड्यांचा व्यापारी असता, तर संशय आला असता का?

जय भीम!