कॉफी प्यावी, पण केव्हा?

मैत्रिणींनो, आपल्याकडे कॉफी म्हटली की उपास आठवतो, नाहीतर पाहुणे! एरवी आपला चहाच. आमच्या खारेपाटणच्या घरीही एकादशीला जायफळ घातलेली दुधाळ कॉफी व्हायची, तेवढीच. दोन वर्षांपूर्वी मी मात्र तिचं व्रतच घेतलं. सकाळी मुलांचे डबे, सासूबाईंचं पथ्य, मग माझी अर्धवेळची शाळा. न्याहारीला वेळ कुठला? कपभर कॉफी घेतली की तरतरी यायची. जेवणावर आणखी एक.

सासूबाई म्हणायच्या, "अगो, उपाशी पोटान कॉफी कित्याक पितंस?"

"कॉफी तब्येतीला चांगली असते. छापून येतं तसं!" मी हसून सांगायची.

ते काही खोटं नव्हतं. 2017 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि यकृताचे विकार कमी आढळले होते. अर्थात ते कॉफीमुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही.

पण गेल्या पावसाळ्यात फळ्यासमोर उभी असतानाच मला घेरी आली. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ! बायकांना ते निदान 12 हवं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने पाहावं, तर आकडा जागचा हललेला नाही.

"गोळी कशाबरोबर घेता?" त्यांनी विचारलं.

"कॉफीबरोबर."

त्यांनी कपाळाला हात लावला! कॉफीतली काही द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. चहाचंही तसंच. शिवाय कॉफीने थकवा जात नाही. त्यातलं कॅफिन थकव्याची जाणीव मेंदूला होऊ देत नाही, एवढंच. म्हणजे मी तरतरीलाच ताकद समजत होते. त्यात न्याहारी बुडवलेली!

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे मी काही एकटी नव्हे.

आता माझा क्रम बदललाय. आधी घावणे नाहीतर पेज. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर. कॉफी जेवणानंतर दोन तासांनी, कमी साखरेची. चारनंतर नाही, नाहीतर झोप उडते. उकळती तर नकोच. 65 अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेला धोक्याची, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये इशारा दिलाय. दिवस गेलेल्या मैत्रिणींनी तर कॉफी किती घ्यावी ते डॉक्टरांनाच विचारावं.

तीन महिन्यांनी आकडा अकरावर आला. आता दुपारी सासूबाई नि मी समोरासमोर बसून कॉफी घेतो, जायफळ घालून.

तेव्हा कॉफी जरूर प्या. पण घरातल्या प्रत्येकाला आपण विचारतो ना, "खाल्लंस का?" तेवढं स्वतःलाही विचारा, आणि मगच कप उचला.