रोजच्या गाडीने महेश्वरपर्यंत

इंदूरहून महेश्वरला जाण्याचे दोन मार्ग आहेत. आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर, धामनोद करीत जावे हा एक. आणि महूवरून जाम घाट उतरून मंडलेश्वरमार्गे जावे हा दुसरा. पहिला बस व मोटारींचा. दुसरा, आमच्या मते, दुचाकीचा. गेल्या आश्विनात आम्ही उभयतांनी हा दुसरा मार्ग धरला. जाऊन-येऊन सुमारे १८० किलोमीटरांचा हा प्रवास. परंतु त्यात एका प्रश्नाचा निकाल लावावयाचा होता. आमची सेवानिवृत्ती जवळ आली आहे. पुण्यास असलेले चिरंजीव म्हणतात, "बाबा, आता हे धूड विका आणि लहानशी मोटार घ्या." सूचना मायेपोटी आहे, म्हणूनच ती सहज झटकून टाकण्याजोगी नाही.

हे धूड म्हणजे २०२२ साली घेतलेली रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०. या घराण्याचे मूळ इंग्लंडमधील रेडिच गावी. १९५५ साली मद्रासेत कंपनी निघाली. पुढे इंग्लंडातील उत्पादन बंद पडले, पण मद्रासचे चालूच राहिले. ज्यांनी जुनी बुलेट चालविली आहे, त्यांना उजव्या पायाशी गियर, डाव्या पायाशी ब्रेक आणि अँमीटरचा काटा पाहून मारावयाची किक आठवत असेल. आता ते सारे इतिहासजमा झाले. २०२१ साली या गाडीला नवे इंजिन मिळाले. त्यातील बॅलन्सर शाफ्ट दट्ट्याच्या धक्क्यांना उलट तोल देतो. त्यामुळे हातांना मुंग्या आणणारी ती प्रसिद्ध थरथर पुष्कळ ओसरली आहे.

आकड्यांवर भाळणाऱ्या तरुणांना २० अश्वशक्ती हे बळ थोडके वाटेल. परंतु या इंजिनाचा खरा जोर मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपासच हाती येतो. त्यासाठी ते किंचाळेपर्यंत पिळावे लागत नाही. रोज राऊच्या गर्दीतून शाळेस जाताना हाच गुण उपयोगी पडतो. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दळणाचा डबा, क्वचित एखादा तापाने फणफणलेला विद्यार्थी, हे सर्व तिने सारख्याच निमूटपणे वाहिले आहे. तथापि १९५ किलो वजन हे वजनच आहे. चालत्या गाडीत ते रस्ता घट्ट धरते. उभ्या गाडीत मात्र आपल्या मनगटांची परीक्षा पाहते.

सकाळी सहाला निघून महूस पोहे-जिलेबी घेतली. पोह्यांवर जिरावण नसेल तर माळव्यात न्याहारी झाली असे कोणी मानीत नाही. हेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव. १८९१ साली ते येथे जन्मले. गावापुढे सोयाबीन काढून मोकळी झालेली काळीभोर शेते लागली. ताशी पन्नास-साठच्या वेगात इंजिनाचा ठेका संथ असतो आणि मागे बसलेल्या माणसाशी बोलता येते. "थांबा" हा शब्द सौभाग्यवतींनी घाटापर्यंतच सहा वेळा उच्चारला, आणि सहाही वेळा आम्ही थांबलो.

माळव्याचे पठार जेथे एकाएकी संपते, त्या कड्यावर जाम दरवाजा उभा आहे. अहिल्याबाई होळकरांनी तो १७९१ साली बांधविला. त्याच्या कमानीतून खाली पाहावे तो निमाड पसरलेला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, तर महेश्वर दीडशेच्या आसपास. हा चारशे मीटरांचा उतार पायांखालून जाताना अंगाला कळतो. हवा उबदार होते, मातीचा वास बदलतो, सोयाबीनच्या जागी कपाशीची फुटलेली बोंडे आणि वाळत घातलेल्या लाल मिरच्या दिसू लागतात. मोटारीच्या बंद काचेआड यातले किती कळले असते?

घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काहींना असते. ती प्राणघातक आहे. दुसऱ्या गियरमध्ये गाडी स्वतःच स्वतःला आवरते. ब्रेक तापत नाहीत आणि वळणासाठी ताजे राहतात. शिवाय आताच्या ब्रेकमध्ये एबीएसची सोय असल्याने वाळूवर चाक जाम होऊन घसरण्याचे भय कमी झाले आहे. भय कमी झाले, संपले नाही. म्हणून दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण होते.

मंडलेश्वरवरून महेश्वरास पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. किल्ल्याखालच्या घाटांवर नर्मदा संथ वाहत होती. येथून अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत राज्य पाहिले. तीस वर्षे इंदुरात संसार करूनही सौभाग्यवतींनी ही पायरी आज प्रथमच पाहिली. शाळा, सासूबाईंचे आजारपण, मुलांच्या परीक्षा यांत ९० किलोमीटर कधी उरकलेच नव्हते. त्या पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसल्या. आम्हीही बोललो नाही.

परतीचा चढ ही खरी कसोटी होती. दोन प्रौढ माणसे आणि महेश्वरी साड्यांचे गाठोडे घेऊन गाडी तिसऱ्या गियरमध्ये बिनतक्रार चढली, अवघड वळणांवर तेवढा दुसरा मागितला. कंबर आमची दुखली, तिची नव्हे.

तेव्हा चिरंजीवांस आमचे उत्तर असे. शहरातील पावसाळ्यासाठी मोटार अवश्य घेऊ. परंतु ही गाडी तूर्त राहील. ज्या गाडीने शाळेची वाट सांभाळली, तिनेच निवृत्तीनंतर ओंकारेश्वर, मांडू अशा राहून गेलेल्या वाटा दाखवाव्यात. मर्यादाही ठरविली आहे: ज्या सकाळी ती डबल स्टँडवर एकट्याने चढविता येणार नाही, त्याच सायंकाळी किल्ली तुमच्या हाती देऊ. ही अट सौभाग्यवतींनी घातली आहे, आणि रोज सकाळी सज्जातून त्या स्वतः ती तपासतात.