गोडी नसलेलं द्राक्ष

निफाडच्या आमच्या घरात द्राक्ष म्हणजे गोडी. बाबा रिफ्रॅक्टोमीटरने थॉमसनची साखर मोजतात आणि मगच व्यापाऱ्याशी भावाचं बोलतात. मी मात्र पुण्यात महिन्याला एकच बाटली घेते, हजाराच्या आतली आणि ड्राय, म्हणजे जिच्यातली जवळपास सगळी साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलंय अशी. आधी शेनिन ब्लां आवडायची, पण नाशिकची बरीचशी शेनिन किंचित गोड असते. आता सोव्हिन्यों ब्लां. हिरव्या मिरचीसारखा वास, स्वच्छ आंबटपणा, सोबत बोंबील फ्राय. लेबलवरचं साल बघून ताजीच घ्यायची. आईला अजून सांगितलेलं नाही. बाबांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "त्या द्राक्षाला शेतकऱ्याला भाव काय मिळतो?"