कोरडा धूर

पाइप अर्ध्यावर आला की गुरगुर सुरू होते आणि सगळी मजा जाते. जळत्या तंबाखूतली वाफ थंड नळीत येऊन पाणी होते, मग तो कडू रस थेट जिभेवर. गुडगुडीत मुद्दाम पाणी भरायचे आणि इथे त्याच पाण्याशी भांडायचे!

डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने १८९० साली यावर तोड काढली. धुराच्या वाटेखाली, ब्रायर लाकडातच एक खोल खळगी. पाणी तळाशी साचते, धूर तेवढा वर चढतो. १८९८ मध्ये त्याने तोंडाकडचे छिद्रही वर वळवले. झुरका जिभेला चटका न देता टाळूकडे जातो. हे मला फार आवडते.

दुसरा पर्याय फाल्कन पाइपचा. त्याची नळी ॲल्युमिनियमची, उष्णता चटकन सोडणारी. पाणी वाटीखालच्या खोलगट तबकडीत. युक्ती बरी, पण हातात धातू नको वाटतो. (पुसापुशीचा कंटाळा दोन्हीकडे सारखाच.) पाणी अडले म्हणून विष अडत नाही, हे डॉक्टरांनी सांगायलाच हवे असे नाही.

बहुधा पीटरसनच घेईन. वाकड्या दांड्याचा, मध्यम आकाराचा, आणि नक्षी अजिबात नको.